यंत्र बदलेल, विचारणारा माणूस टिकेल

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या युवक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला आहे, "संगणकाच्या क्षेत्रात आपली मुले पुढे कशी जातील?" विषय ऐकून मागच्या रांगेतली पोरं गालातल्या गालात हसली, ते आम्ही पाहिले. बरोबर आहे. आम्ही गिरणी कामगार. शाळा रात्रीची, ती दहावीपर्यंत. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या सभेत. असा माणूस संगणकावर काय बोलणार? पण बाळांनो, आम्ही सारी उमेद यंत्राच्या शेजारी उभे राहून घालवली आहे. यंत्र आले की कोणाचे काय होते, हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या अधिकाराने दोन शब्द बोलणार आहोत.

आधी आपल्या घरातली गोष्ट बोलू. आज वस्तीतल्या कितीतरी घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकाचा कोर्स करते आहे. कोणी डिप्लोमाला आहे, कोणी डिग्रीला, कोणी गल्लीतल्या क्लासला. बापाने पतपेढीचे कर्ज काढलेले असते, आईने भिशी उचललेली असते, प्रसंगी दागिना गहाण पडलेला असतो. सर्टिफिकेट येते, ते चौकट करून भिंतीवर लागते. मग मुलगा मुलाखतीला जातो. साहेब विचारतात, "हा प्रोजेक्ट तू केलास ना? मग असाच का केलास? दुसऱ्या रीतीने का नाही?" मुलगा गप्प. कारण प्रोजेक्ट बाजारातून तयार विकत आणलेला असतो. असे गप्प बसून परत आलेले तरुण आम्ही जवळून पाहिले आहेत. ते बुद्धीने कमी नाहीत, कष्टाने कमी नाहीत. "का?" हा शब्द विचारायची सवय त्यांना कोणी लावली नाही, एवढेच. फी भरून सर्टिफिकेट मिळते. कुतूहल मात्र कोणत्याच क्लासात विकत मिळत नाही.

त्यातच आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत. तोंडाने सांगितले तरी प्रोग्राम लिहून देतात. परवा एक बाप आम्हाला काकुळतीला येऊन म्हणाला, "दादा, यंत्रच सगळं लिहायला लागलं तर आमच्या पोरीनं शिकून करायचं काय?" या प्रश्नाला हसू नका. हा प्रश्न खरा आहे आणि तो जुना आहे. ऐंशी वर्षांमागे अमेरिकेत नोकरीला लागलेल्या काही बायांपुढे तो हुबेहूब असाच उभा राहिला होता. त्यांनी काय केले, ते आज सांगायचे आहे.

अमेरिका कशाला, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथल्या काळ्या लोकांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. आमच्या आणि तुमच्या लोकांची स्थिती सारखी आहे, म्हणून तुमच्या लढ्याचा अभ्यास गरजेचा आहे, असा त्याचा आशय. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, ते नावही तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा हे घर आपल्याला परके नाही.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात हॅम्प्टन नावाचे गाव आहे. तिथे लँगली ही विमानांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा. त्या काळी "कॉम्प्युटर" हे यंत्राचे नाव नव्हते, ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. जसा आपल्याकडे फिटर, जॉबर, तसा तिथे कॉम्प्युटर. म्हणजे गणिते करणारी बाई. विमानाचा नमुना वाऱ्याच्या बोगद्यात ठेवायचा, त्यावर वारा सोडायचा, मोजमाप घ्यायचे आणि त्या आकड्यांची ढिगाने गणिते या बायांनी हाताने व टेबलावरच्या यंत्राने करायची. १९३५ पासून गोऱ्या बाया हे काम करीत. काळ्या बायांना दार बंद होते.

ते दार कसे उघडले, हे नीट ऐका. ए. फिलिप रँडॉल्फ नावाचे एक काळे कामगार पुढारी होते. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत राबणाऱ्या कामगारांची युनियन त्यांनी बांधली होती. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना काम द्या, नाहीतर वॉशिंग्टनवर मोर्चा आणतो, असे त्यांनी १९४१ साली सरकारला बजावले. २५ जून १९४१ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना हुकूम काढावा लागला की, संरक्षणाच्या उद्योगांत व सरकारी नोकऱ्यांत वर्ण पाहून भेदभाव करायचा नाही. त्यानंतर १९४३ साली लँगलीत काळ्या बायांची भरती सुरू झाली. म्हणजे पहिले दार संघटनेने उघडले. "हुशारी असेल तर आपोआप जागा मिळते" असे जे लोक भाषणात सांगतात, त्यांना ही तारीख दाखवा.

त्या भरतीत १९४३ च्या डिसेंबरात डोरोथी वॉन नावाच्या बाई आल्या. वय तेहेतीस. गणिताच्या पदवीधर, शाळेत मास्तरीण. त्यांना वेगळ्या खोलीत बसवले, जेवायला वेगळे टेबल, संडास वेगळा. त्या टेबलावर "रंगीत कॉम्प्युटर" अशी पाटी असे. मिरियम मॅन नावाची त्यांच्यातलीच एक बाई ती पाटी उचलून पर्समध्ये घालून घरी न्यायची. पुन्हा पाटी यायची, ती पुन्हा न्यायची. शेवटी पाटी लावणारेच थकले!

डोरोथीबाई १९४९ साली त्या काळ्या बायांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या काळ्या पर्यवेक्षक. त्यांचे गणित उत्तम होते, यात शंका नाही. पण त्यांचा दुसरा गुण लक्षात घ्या. कोणत्या बाईचा हात कोणत्या कामाला चांगला, हे त्यांना अचूक ठाऊक असे. इंजिनियर येऊन त्यांना विचारीत, या कामाला कोणाला देता? कॅथरीन जॉन्सन नावाची बाई १९५३ साली नोकरीला लागली. दोन आठवड्यांत डोरोथीबाईंनी तिला उड्डाणाच्या संशोधन विभागात पाठवले. तिथे महिने गेले तरी ती तात्पुरतीच. तेव्हा डोरोथीबाईंनी तिथल्या साहेबाला सरळ विचारले की, हिचा पगार वाढवून ठेवून घेता, की माझ्याकडे परत पाठवता? कॅथरीन कायम झाली. याला म्हणतात माणसाचे कसब. हे कसब कोणत्या कोर्सच्या पुस्तकात आहे, सांगा!

आता मुख्य गोष्ट. पन्नासच्या दशकात तिथे मोठाली संगणक यंत्रे येऊ लागली. हुद्द्याचे नावच यंत्राने घेतले, मग हुद्दा राहणार किती दिवस? डोरोथीबाईंनी हे ओळखले. १९५७ साली आयबीएम कंपनीने फोरट्रान ही संगणकाची भाषा काढली. डोरोथीबाई ती भाषा शिकल्या. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. इथे बसलेले पन्नाशीचे बाप लोक म्हणतात, "आता कुठं शिकायचं आमच्या वयात?" त्यांनी हे वय ध्यानात ठेवावे. आणि त्या एकट्या शिकून मोकळ्या झाल्या नाहीत, बरोबरच्या बायांनाही त्यांनी नव्या यंत्राकडे वळवले. १९५८ साली त्या संस्थेची नासा झाली आणि काळ्यांचा वेगळा विभाग मोडला, तेव्हा डोरोथीबाई नव्या संगणक विभागात प्रोग्रामर म्हणून गेल्या. १९७१ पर्यंत त्यांनी नोकरी केली.

त्या काळी प्रोग्राम कसा लिहीत, माहीत आहे? पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडून. साचेखात्यात काम केलेली जी म्हातारी मंडळी इथे आहेत, त्यांना हे ऐकून ओळख पटेल. किनारीवर नक्षी काढणारा जॅकार्डचा साचा आठवा. पुठ्ठ्यांची माळ वरून फिरते. छिद्र असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, छिद्र नसेल तिथला जागेवर राहतो, मधून धोटा निघून जातो. फ्रान्सच्या लिओं शहरात रेशीम विणणाऱ्याच्या घरी जन्मलेल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली. इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात हीच छिद्रांची कार्डे घेतली. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतीत हॉलरिथ नावाच्या इंजिनियरने लोकांची माहिती छिद्रांच्या कार्डांवर घेऊन यंत्राने मोजली, आणि त्याची कंपनी ज्या कंपन्यांत मिसळली त्यांचीच पुढे आयबीएम झाली. म्हणजे बघा, संगणकाच्या खापरपणजोबांचा जन्म विणकराच्या घरातला आहे. आपण साच्यावर उभे राहिलेली माणसे, या यंत्राला बिचकायचे काय कारण?

याच साचेखात्यातली एक गोष्ट सांगतो. आम्ही बदलीवर लागलो तेव्हा खात्यात एक म्हातारा जॉबर होता. साचा बंद पडला की बाकीचे लगेच पाना घेऊन धावत. हा आधी हात लावीत नसे. साच्याचा आवाज ऐके. मग विणकराजवळ जाऊन हळूच विचारी, "आज सकाळपासून काय वेगळं झालं, सांग बरं." विणकर सांगे, धागा सारखा तुटतोय. हा मग खात्यातली हवा कोरडी पडली का ते बघे, कारण हवा कोरडी झाली की सुती धागा तुटतो. नाहीतर सायझिंगमध्ये जाऊन विचारी, आज खळ कशी होती? दोष कितीदा तरी साच्यात नसेच. आम्ही त्याच्यामागे फिरून एका वहीत हे सगळे लिहून ठेवीत असू. यंत्राला विचारण्याआधी यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावे, हा धडा आम्हाला त्याने दिला.

संगणकाच्या धंद्यातही हेच आहे. समजा एखाद्या सरकारी दवाखान्यात केसपेपरसाठी प्रोग्राम करायचा आहे. केबिनमध्ये बसून तो करणारा पुष्कळ मिळतील. पण खिडकीपाशी दोन तास उभे राहून, रांगेतल्या म्हातारीला कुठे अडते, क्लार्कचा वेळ कुठे जातो, हे जो पाहील, त्याचा प्रोग्राम चालेल. आणि इथे आपल्या मुलांचे भांडवल मोठे आहे. रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको!

आता कॅथरीनबाईंकडे वळू. अवकाशयानाच्या कामाच्या बैठका होत, त्यात बायांना बसू देत नसत. ही बाई नुसती दिलेली गणिते करून गप्प बसेना. हे कशासाठी? हा आकडा कुठून आला? मला बैठकीत का येता येत नाही, तसा काही कायदा आहे का? विचारून विचारून तिने बैठकीत जागा मिळवली. १९६० साली तिचे नाव एका संशोधन अहवालावर लेखक म्हणून छापले गेले, त्या विभागात असा मान मिळालेली ती पहिली बाई. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन हा अंतराळवीर पृथ्वीला तीन फेऱ्या मारून आला. त्याच्या यानाच्या मार्गाचे गणित संगणक यंत्राने केले होते. पण जाण्याआधी ग्लेनने सांगितले की, त्या बाईला हेच आकडे हाताने करून तपासायला सांगा, तिचे जुळले तर मी जायला तयार आहे. बाईंनी टेबलावरच्या यंत्रावर एकेक आकडा तपासला, मगच तो गेला.

त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. यंत्र उत्तर देते, पण त्या उत्तरावर जीव टांगायचा की नाही, हे ठरवायला माणूस लागतो. मात्र तपासता येईल त्यालाच विचारतील. नुसते यंत्राचे उत्तर उतरवून देणारा असेल, तर त्याच्या जागी यंत्रच बसेल, हेही तेवढेच खरे. तेव्हा आपल्या पोरीने शिकावे, आणि असे शिकावे की यंत्राचे चुकले तर तिला कळले पाहिजे.

तिसऱ्या मेरी जॅक्सन. याही डोरोथीबाईंच्या हाताखाली लागल्या, १९५१ साली. संडास कुठे आहे असे विचारले म्हणून गोऱ्या बाया हसल्या, तेव्हा मेरीबाईंनी तो संताप एका गोऱ्या इंजिनियरपुढे उघड बोलून दाखवला. त्याने त्यांना आपल्याकडे कामाला घेतले आणि पुढे इंजिनियर व्हा म्हणाला. त्यासाठी जे वर्ग करायचे, ते गोऱ्यांच्या शाळेत भरत. मेरीबाईंनी नगराकडे खास परवानगी मागितली, मिळवली, आणि १९५८ साली त्या नासाच्या पहिल्या काळ्या महिला इंजिनियर झाल्या. एकदा मोठे साहेब म्हणाले, तुमची गणिते चुकली. त्या ओरडल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. कागद समोर घेऊन पायरी पायरी दाखवत गेल्या. निघाले काय, तर साहेबांनीच आकडे चुकीचे दिले होते! पुढे १९७९ साली त्यांनी वरची इंजिनियरकी सोडून खालच्या हुद्द्याची जागा घेतली, कशासाठी? तर मागून येणाऱ्या स्त्रियांना वर चढता यावे, ते काम पाहता यावे म्हणून.

आता कडू गोष्टही सांगितली पाहिजे. एवढे सगळे करून डोरोथीबाईंना १९५८ नंतर प्रमुखाची जागा पुन्हा मिळाली नाही. त्यांनी मागितली होती. गुण असून डावलले जाते, हे तिकडेही खरे, इकडेही खरे. कॅथरीनबाईंना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मोठा सन्मान मिळाला तो २०१५ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षात. नासाच्या मुख्यालयाला मेरीबाईंचे नाव द्यायचे जाहीर झाले २०२० साली, त्या जाऊन पंधरा वर्षे झाल्यावर. म्हणून आम्ही असे सांगत नाही की, कुतूहल ठेवा की सगळे मिळेल. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमचे उत्तम कारागीर वॉचमनच्या काठीवर आले. तो त्यांचा दोष नव्हता. गिरणी चालवायची की जमीन विकायची, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. हक्कासाठी संघटना लागतेच. आमचे म्हणणे एवढेच की, दार संघटनेने उघडते, आत गेल्यावर उभे राहायला कुतूहल लागते, आणि आपल्यामागून दुसऱ्याला आत घ्यायला माणुसकी लागते. तिन्हींपैकी एक नसले तरी काम अडते.

मग करायचे काय? आम्ही चार गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रत्येक मुलाने एक वही करावी. दिवसाला एक "का?" तीत लिहावा आणि आठवड्यात त्याचे उत्तर शोधावे. मोबाईलवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कसे जातात? तिकिटाच्या खिडकीवरचे यंत्र मध्येच का थांबते? उत्तर यंत्राला विचारले तरी चालेल, पण ते खरे की खोटे, हे दुसरीकडून ताडून पाहावे.

दुसरी, प्रोजेक्ट विकत आणू नका. छोटा करा, पण आपल्या हाताने करा. या विहाराच्या वाचनालयातल्या पुस्तकांची यादी संगणकावर घाला. महिला मंडळाच्या बचत गटाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम करा, आणि आधी त्या बायांजवळ बसून त्यांना काय हवे ते विचारा. मुलाखतीत मग "का केलास?" म्हटले की बोलायला शब्द शोधावे लागणार नाहीत.

तिसरी, जे शिकलात ते आईला मराठीत समजावून सांगा. आईला कळले तर तुम्हाला कळले. इंग्रजी यायला हवी, ती शिका, तिची लाज बाळगू नका. पण इंग्रजी येत नाही म्हणून प्रश्न गिळू नका. मोडक्या भाषेत विचारलेला प्रश्न गप्प बसण्यापेक्षा केव्हाही बरा.

चौथी, ज्याला नोकरी लागली त्याने रविवारचे दोन तास या सभागृहात द्यावेत. दोन संगणक समितीकडे आहेत, जागा आहे, पंखा आहे. नोकरी कशी मिळाली, काम काय असते, साहेबाशी कसे बोलायचे, चूक झाली तर कशी सांगायची, हे मागच्यांना सांगावे. डोरोथीबाई शिकल्या आणि बरोबरीच्या बायांना घेऊन गेल्या. आपल्यातले काही शिकले आणि वस्ती सोडून गेले, ते वर्धापनदिनाला देणगीची पावती फाडतात. पावतीबद्दल आभार. पण आम्हाला त्यांचे दोन तास हवे आहेत.

पालकांना एकच विनंती. पोराने घरात "का?" विचारले तर "गप बस" म्हणू नका. घरात गप बसवलेले पोर मुलाखतीतही गप बसते. उत्तर येत नसेल तर म्हणा, "मला माहीत नाही, चल, दोघं मिळून शोधू." असे म्हणायला शिक्षण लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही आमची वही घेऊन या सभागृहात येऊन बसणार आहोत. आम्हालाही संगणक शिकायचा आहे. शिकवायला कोण येतो, ते पाहू या.